इंडस क्रीड: १७ वर्षांनी आलेला अल्बम आणि जुन्या चाहत्यांची कसोटी

२०१२ साली मुंबईतल्या दोन जुन्या नावांनी नवे अल्बम काढले. 'इंडस क्रीड' या रॉक बँडचा 'इव्हॉल्व्ह' आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५चा, म्हणजे मध्ये तब्बल १७ वर्षं गेली होती. त्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस या जोडीचा, म्हणजे 'कलोनियल कझिन्स'चा, 'वन्स मोअर' आला. त्यांनी ११ वर्षांची गॅप घेतली होती.

ज्यांनी कॉलेजात असताना या लोकांच्या कॅसेट्स घासून घासून ऐकल्या होत्या, ते एव्हाना नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेत अडकले होते. त्यांच्यासमोर एकदम प्रश्न उभा राहिला. आपल्याला हा बँड आवडायचा की त्या वयातले आपण?

हा प्रश्न फक्त इंडस क्रीडच्या चाहत्यांचा नाही. जुना बँड नवं काहीतरी घेऊन येतो तेव्हा प्रत्येक ठिकाणी तो पडतो. म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

इंडस क्रीड म्हणजे नेमके कोण?

मराठीत 'बँड' म्हटलं की आजही आधी वरात आठवते. लाल-सोनेरी कोट, ट्रम्पेट आणि पुढे नाचणारी मंडळी. इथे बोलतोय तो बँड वेगळा. गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड आणि गायक असा चार-पाच जणांचा संच, जो स्वतः गाणी लिहितो, चाली बांधतो आणि स्वतःच वाजवतो.

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा असा एक बँड सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. पुढे मुख्य गायक म्हणून उदय बेनेगल हा बँडचा चेहरा बनला. नंतर गिटारिस्ट जयेश गांधीही आला.

त्या काळात भारतात रॉक बँड होते, पण बहुतेक जण परदेशी बँड्सची गाणी वाजवायचे. श्रोत्यांनाही तेच हवं असायचं. मूळ गाण्याच्या जितकं जवळ वाजवाल तितक्या टाळ्या. मुंबईत रंगभवनचं खुलं थिएटर हा या संगीताचा अड्डा होता. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवनच्या मैफली थांबल्या, पण त्या पिढीच्या आठवणीत ती जागा अजून पक्की आहे.

या वातावरणात रॉक मशीनने १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. त्यात गाणी स्वतःची होती. इंग्रजीत, पण इथे लिहिलेली आणि इथेच रचलेली. १९९० मध्ये दुसरा अल्बम 'द सेकंड कमिंग' आला. भारतात बसून इंग्रजी रॉकची स्वतःची गाणी करता येतात आणि ती विकताही येतात, हे या दोन कॅसेट्सनी दाखवून दिलं. नंतरच्या अनेक बँड्ससाठी ही वाट तिथून मोकळी झाली.

मग नाव का बदललं?

१९९३ मध्ये रॉक मशीनचं नाव 'इंडस क्रीड' झालं. इंडस म्हणजे सिंधू नदी आणि क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा मत. नावातच दिशा होती. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडचं असू शकलं असतं. 'इंडस क्रीड' मात्र कुठून आलाय ते सांगून टाकतं.

१९९५चा अल्बम बँडच्याच नावाने निघाला. त्यात भारतीय वाद्यांचा आणि तालांचा रंग ठळक झाला होता. 'प्रिटी चाइल्ड' आणि 'ट्रॅप्ड' ही त्यांची त्या काळातली गाजलेली गाणी.

नाव बदलणं हीसुद्धा चाहत्यांची एक परीक्षाच होती. २०१२ मध्ये जे चाहते 'पहिल्यासारखं राहिलं नाही' असं म्हणाले असतील, त्यांच्यासाठी एक आठवण: हा बँड त्याआधीही एकदा बदलला होता.

नांदगावपर्यंत ही गाणी पोचायची कशी?

नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव हे तालुक्याचं गाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर मनमाडच्या पुढे आहे. मनमाड जंक्शनही याच तालुक्यात येतं. खानदेशाच्या उंबरठ्यावरच्या या पट्ट्यात कॅसेटच्या दुकानाचा ठरलेला क्रम असायचा. आधी हिंदी सिनेमा, मग भक्तिगीतं, मग लोकगीतं आणि अहिराणी गाणी. इंग्रजी रॉकची कॅसेट हवी असेल तर नाशिक किंवा मुंबईला जाणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागायचं. नाहीतर कुणाकडून तरी कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी 'भरून' घ्यायची.

१९९१ मध्ये चित्र बदलायला लागलं. स्टार टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं आणि त्याच्यासोबत एमटीव्हीही आलं. केबलवाल्याने डिश बसवली की तालुक्याच्या गावातही गाण्यांचे व्हिडिओ दिसू लागले. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारपासून वेगळं झालं आणि त्या जागी चॅनेल व्ही आलं. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतात स्वतंत्रपणे परतलं. इंडस क्रीडचे व्हिडिओ याच वाटेने महानगरांबाहेरच्या घरांत शिरले.

यातली एक बाब महत्त्वाची आहे. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या श्रोत्याला बँड प्रत्यक्ष बघता यायचा. तालुक्याच्या गावातल्या श्रोत्याची भेट फक्त कॅसेटशी आणि टीव्हीच्या पडद्याशी व्हायची. त्यामुळे बँड नुसता कार्यक्रम करायला लागला तर त्याचा फायदा शहरातल्या चाहत्याला. बँडने नवा अल्बम काढला, तरच लांबच्या चाहत्यालाही तो पुन्हा भेटतो. त्याच्यासाठी अल्बम हीच मैफल असते.

बँड थांबला कशामुळे? मधल्या काळात काय झालं?

१९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. तो काळ आठवून बघा. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया', १९९६ मध्ये लकी अलीचा 'सुनो'. हिंदी पॉपची लाट आली होती आणि संगीत कंपन्यांचं लक्ष तिकडे होतं. इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडचा श्रोता आधीच मोजका होता.

उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड केला आणि ते न्यूयॉर्कला गेले. नंतर परत येऊन त्यांनी 'व्हर्लिंग कलापाज' नावाने अकूस्टिक, म्हणजे विजेच्या गिटारशिवायचं, संगीत केलं. बाकीचे आपापल्या कामात रमले.

या मधल्या काळात चाहत्यांच्या हातात उरल्या त्या कॅसेट्स. कॅसेट प्लेअर घरातून गेले, सीडी आली आणि गेली, एमपी३ आलं, मग मोबाइल आला. प्रत्येक टप्प्यावर काही गाणी मागे राहून गेली. जुन्या अल्बमचे हक्क ज्या कंपनीकडे, तिला ते पुन्हा काढावेसे वाटले तरच ते मिळणार. नाहीतर माळ्यावरचा खोका हाच त्यांचा शेवटचा पत्ता.

थोडक्यात टप्पे

- १९८४: मुंबईत 'रॉक मशीन'ची सुरुवात
- १९८८: पहिला अल्बम 'रॉक अँड रोल रेनेगेड'
- १९९०: 'द सेकंड कमिंग'
- १९९३: नाव बदलून 'इंडस क्रीड'
- १९९५: बँडच्या नावाचा अल्बम
- १९९७: बँड थांबला
- २०१०: पुन्हा एकत्र
- २०१२: 'इव्हॉल्व्ह'

'इव्हॉल्व्ह'मध्ये वेगळं काय होतं?

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघं पुन्हा एकत्र आले. सोबत दोन तरुण वादक घेतले: बेसवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी. बेस आणि ड्रम्स म्हणजे कुठल्याही बँडचा पाया. तोच नव्या पिढीच्या हाती दिल्यावर बँडची चाल बदलणार हे उघड होतं.

इथे बँडसमोर सोपा रस्ता होता. जुनी गाणी घ्यायची, 'रियुनियन' असा बोर्ड लावायचा आणि कार्यक्रम करत फिरायचं. लोक आले असते. जगभरात अनेक जुने बँड हेच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण या पाच जणांनी नवी गाणी लिहिली.

अल्बमचं नावच 'इव्हॉल्व्ह', म्हणजे उत्क्रांत होणं. गाणी जास्त गुंतागुंतीची झाली. ध्वनीचे थर वाढले, चाली सावकाश उलगडू लागल्या. ऐंशीच्या दशकातला तो उसळता, सोबत ओरडून गाता येईल असा सूर मागे पडला. अल्बमचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज यांचं प्रमाण ठरवून एकसंध गाणं तयार करणं. पामर यांनीच अमेरिकेच्या 'पर्ल जॅम'च्या १९९१च्या 'टेन' या अल्बमचंही मिक्सिंग केलं होतं. नव्वदच्या दशकात ज्यांनी 'टेन' ऐकला होता, त्यांच्यासाठी हे नाव ओळखीचं होतं.

म्हणजे जुना चाहता जो दरवाजा ठोठावत होता, तो उघडला, पण आतली मांडणी बदललेली होती.

कलोनियल कझिन्सनी वेगळी वाट धरली का?

या जोडीची गोष्ट शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. हरिहरन शास्त्रीय संगीत आणि गझलेतून आलेले. लेस्ली लुईस पाश्चात्त्य पॉपमधून आलेले गिटारिस्ट आणि संगीतकार. जाहिरातींच्या जिंगल्स करताना दोघांचे सूर जुळले. १९९६च्या पहिल्या अल्बममध्ये इंग्रजी ओळी आणि भारतीय आलाप एकाच गाण्यात नांदत होते. त्यानंतर १९९८ मध्ये 'द वे वी डू इट', २००१ मध्ये 'आत्मा' आणि मग मोठी शांतता.

पण दोघंही गप्प बसले नव्हते. लुईस यांनी १९९९ मध्ये केकेचा 'पल' केला. २०११ मध्ये भारतातल्या 'कोक स्टुडिओ'चा पहिला सीझनही त्यांच्याच हातात होता. हरिहरन यांना तर मराठी माणूस वेगळ्याच गाण्याने ओळखतो. 'जोगवा' चित्रपटातल्या 'जीव रंगला'साठी त्यांना २००८ सालच्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यामुळे २०१२ मध्ये त्यांचा अल्बम आला तेव्हा श्रोत्यांचे दोन गट होते. एक, ज्यांनी १९९६ची कॅसेट घेतली होती. दुसरा, ज्याला हरिहरन 'जीव रंगला'मुळे माहीत होते आणि कलोनियल कझिन्स हे नाव नवीन होतं. नवा अल्बम जुन्यांना मागे नेतो आणि नव्यांनाही मागेच नेतो. फक्त नवे लोक तिथे पहिल्यांदा जात असतात.

आणि अल्बमचं नाव? 'वन्स मोअर'. मराठी श्रोत्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. संगीत नाटकांच्या काळात बालगंधर्वांचं पद संपलं की थिएटरातून हीच आरोळी उठायची. तेच पद, त्याच गायकाकडून, पुन्हा. आवडलेलं परत ऐकायची ओढ आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. गंमत अशी की दुसऱ्यांदा गाताना गायक नवी जागा घ्यायचा, वेगळी तान मारायचा. रसिकाला पद तेच हवं असायचं, पण त्यात काहीतरी नवं सापडलं की तो जास्त खूश व्हायचा.

नवं गाणं पहिल्यांदा ऐकल्यावर फिकं का वाटतं?

याची दोन कारणं मानसशास्त्रात सापडतात.

पहिलं, माणसाला आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठसठशीत आठवतात. त्या वयातलं गाणं एकटं येत नाही. सोबत हॉस्टेलची खोली, परीक्षा, पहिलं प्रेम आणि शेवटची एसटी असं सगळं घेऊन येतं. नव्या गाण्याकडे यातलं काहीच नसतं. ते एकटं, नुसत्या सुरांवर उभं असतं.

दुसरं, ओळखीची गोष्ट आवडू लागते. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांमधून हे मांडलं होतं. लोकांना अनोळखी शब्द, चिन्हं आणि चेहरे पुन्हा पुन्हा दाखवले, तेव्हा जे जास्त वेळा दिसलं ते जास्त आवडलं. आता हिशोब करा. १९९५ची कॅसेट तुम्ही शेकडो वेळा ऐकलीय. नवा अल्बम एकदा, तोही गाडी चालवताना. ही स्पर्धा बरोबरीची नाहीच.

कॅसेटच्या काळात न आवडलेलं गाणंही ऐकावं लागायचं, कारण ते ओलांडून पुढे जायचं म्हणजे अंदाजाने टेप पळवायची. त्यामुळे ए साइडचं गाजलेलं गाणं ऐकता ऐकता बी साइडवरचं शेवटचं गाणंही कधीतरी आवडून जायचं. आज अंगठ्याच्या एका फटक्यात गाणं बदलतं. नव्या अल्बमला तो वेळ मिळतच नाही.

जगात इतरत्र काय घडलं?

सर्वात मोठं उदाहरण स्वीडनच्या 'आबा'चं. १९७४ मध्ये 'वॉटर्लू' गाण्याने युरोव्हिजन स्पर्धा जिंकलेला हा पॉप बँड १९८१च्या 'द व्हिजिटर्स'नंतर थांबला होता. ५ नोव्हेंबर २०२१ला त्यांचा 'व्हॉयेज' आला. मध्ये ४० वर्षं. त्यातल्या एका गाण्याचे आवाज १९७८ मध्येच रेकॉर्ड झालेले होते, ते गाणं २०२१ मध्ये पूर्ण झालं. पुढे मे २०२२ पासून लंडनमध्ये त्यांचा कार्यक्रम सुरू झाला, पण मंचावर दिसतात त्या चौघांच्या तरुणपणीच्या डिजिटल आकृती. म्हणजे अल्बममध्ये आजच्या वयाचे आवाज आणि मंचावर ७०च्या दशकातले चेहरे. चाहत्याला दोन्ही हवं असतं, हे आबाने बरोबर ओळखलं.

'रोलिंग स्टोन्स'ने २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' काढला. २००५ नंतरचा हा त्यांचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा पहिला अल्बम. त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले होते, पण त्यातल्या दोन गाण्यांत त्यांचं वादन आहे. जुन्या चाहत्यासाठी तो निरोपही होता.

आपल्याकडे दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चं उदाहरण आहे. २००९ मध्ये गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती यांचं निधन झालं. ज्याच्या आवाजावर बँड ओळखला जायचा, तोच गेला. तरी बँड थांबला नाही. २०१४ मध्ये 'तांडानू' आणि २०२३ मध्ये 'तू है' हे अल्बम आले. इथे चाहत्याला नवी गाणी स्वीकारायची होतीच, शिवाय एक रिकामी जागाही स्वीकारायची होती.

मग जुन्या चाहत्याला नेमकं काय मिळतं?

नवा अल्बम आवडलाच पाहिजे असं अजिबात नाही. पण तो आल्याने काही गोष्टी हमखास होतात.

एक, जुनी गाणी पुन्हा बाहेर येतात. नवा अल्बम ऐकल्यावर माणूस जुन्याकडे वळतोच. कंपन्यांनाही जुनं सामान पुन्हा बाजारात आणायला निमित्त मिळतं.

दोन, जुनी गाणी वेगळी ऐकू येतात. 'इव्हॉल्व्ह' ऐकून १९९५च्या अल्बमकडे गेलात तर बँड तेव्हाच कुठे निघाला होता ते लक्षात येतं. विशीत फक्त गिटारकडे कान असायचा, चाळिशीत शब्द ऐकू येतात.

तीन, बँड आठवणीतून बाहेर येऊन जिवंत होतो. जुनी गाणीच वाजवणारा बँड हळूहळू स्वतःचीच नक्कल करायला लागतो. ज्या रॉक मशीनने दुसऱ्यांची गाणी वाजवणं सोडून स्वतःची लिहिली, त्यांनी २०१२ मध्ये स्वतःच्याच जुन्या गाण्यांची नक्कल करायचं नाकारलं. दोन्ही वेळचा हट्ट एकच होता.

ऐकायचं कसं?

- नवा अल्बम आधी पूर्ण ऐका, दिलेल्या क्रमाने. शफल बंद ठेवा.
- आवडला नाही तरी आठवड्याभरात अजून दोनदा ऐका. त्यानंतर नाही आवडला तर बिनधास्त सोडून द्या.
- मग उलट्या क्रमाने मागे जा. इंडस क्रीडच्या बाबतीत २०१२, १९९५, १९९०, १९८८.
- एखादा जुना अल्बम एका अ‍ॅपवर सापडला नाही तर दुसरीकडे शोधा. बँडचं जुनं नाव, 'रॉक मशीन', टाकूनही बघा.
- घरातल्या विशीतल्या कुणाला तरी सोबत ऐकवा. त्यांच्याकडे तुमच्या आठवणी नाहीत, त्यामुळे त्यांचं मत फक्त गाण्याबद्दल असेल.

आणि माळ्यावरच्या कॅसेट्स?

टाकू नका. कॅसेटची टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवरचा चुंबकीय थर. उष्णता, दमट हवा आणि चुंबक हे तिचे शत्रू. स्पीकरशेजारी किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या असतील तर आधी तिथून हलवा.

वाजवण्याआधी खिडकीतून टेप बघा. पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि मग दुसऱ्या कॅसेटलाही. टेप सैल असेल तर पेन्सिल घालून घट्ट करा, हा जुना उपाय आजही चालतो. चांगल्या स्थितीतली कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या जागेतून कॉम्प्युटरला जोडून स्वतःसाठी डिजिटल करून ठेवता येते. खास करून 'भरून' घेतलेल्या कॅसेट्स आधी काढा. कव्हरवर एखाद्या मित्राच्या अक्षरात गाण्यांची यादी असेल, तर तिचाही एक फोटो काढून ठेवा. छापील अल्बम पुन्हा कधी ना कधी मिळेल, ती यादी कुठल्याच अ‍ॅपवर मिळणार नाही.